ओठ उलटून पाहा

ठाणे आणि नवी मुंबईतले फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ आणि शाळांमध्ये मुलं तपासायला येणारी आरोग्य पथकं यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात एका मुलाला आम्ही चार-पाच वर्षं ‘जांभळ्या’ म्हणत होतो. माझ्या दादाचा मुलगा. दीड वर्षाचा झाला तेव्हापासून त्याच्या खालच्या ओठावर बारीक काळे-निळे ठिपके दिसायला लागले, फोडणीतली मोहरी उडून चिकटावी तसे. आई, म्हणजे त्याची आजी, पदराने पुसायची आणि म्हणायची, ‘मला सोडून जांभळं खाल्लीस काय रे?’ बालवाडीच्या बाईंनी पेन चोखलं असेल म्हणून त्याला दोनदा तोंड धुवायला पाठवलं. शाळेच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढला तर फोटोवाल्याने न विचारताच ते ठिपके साफ करून दिले. छान दिसतोय म्हणून आम्ही त्याच फोटोच्या आणखी आठ प्रती काढून घेतल्या.

मी कळव्यात राहते आणि पालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. नोकरीला एकवीस वर्षं झाली. तुमच्यातल्या काहींची नि माझी दरवर्षी भेट होते. तपासणीच्या दिवशी पोरांची रांग लावणं, वजनकाट्याला न डुगडुगणारी फरशी शोधणं, सुईच्या भीतीने कुणी संडासात लपलं तर त्याला बाहेर काढणं, ही माझी कामं. हजारेक तोंडं तरी माझ्यादेखत ‘आ’ करून उघडली असतील. घरातलं एक तोंड मात्र रोज समोर असून मी कधी नीट पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तुम्हाला चार गोष्टी ऐकवणार आहे.

पोटदुखी नक्की कधी सुरू झाली ते वहिनीला आता आठवत नाही. पाचव्या वर्षाच्या आसपास. जेवण झालं की अर्ध्या तासाने बेंबीभोवती कळ यायची, पोरगं सोफ्यावर पालथं पडायचं, आणि कळ ओसरली की खाली खेळायला पळायचं. डॉक्टरकडे नेईपर्यंत ठणठणीत. जंताचं औषध झालं, गॅसचं झालं. १० फेब्रुवारीला शाळेत जंतनाशक गोळी देतात, तीही झाली. एका डॉक्टरांनी हसत विचारलं, ‘आज गृहपाठ कसला आहे?’ आम्हीही हसलो. शाळा बुडवायची पोटदुखी माझ्या चांगल्या ओळखीची, त्यामुळे जरा जास्तच हसलो.

पहिलीत हिमोग्लोबिन ८ भरलं. शाळेतली आठवड्याची गुलाबी गोळी होतीच, आता रोजचं लोहाचं औषध सुरू झालं. शी काळी व्हायला लागली. वहिनी घाबरून विचारायला गेली, तर लोहाने काळं होतंच असं उत्तर मिळालं. होतं, खरंय. पण आतड्यात वरच्या भागात रक्त झिरपत असलं तरी काळंच होतं, आणि इथे औषधाने ते झाकून टाकलं. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा बघितलं असतं आणि ते जागचं हललं नसतं, तर रक्त जातंय कुठे हा प्रश्न कुणाला तरी पडला असता. कुणी बघितलं नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

मग सातव्या वर्षी, श्रावणात, एका रात्री कळ आली ती गेलीच नाही. गुडघे पोटाशी घेऊन पोरगं कोलंबीसारखं वाकडं झालं होतं. दुसरी उलटी हिरवी झाली तेव्हा दादाने त्याला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा केली. खाडीपुलावर खड्डे चुकवत रिक्षा नेणाऱ्या त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसलं ते मीही पाहिलं : कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी कड्यात कडी. आतड्यात आतडं शिरलं होतं. सर्जन म्हणाले, हे दोन वर्षांखालच्या बाळांना होतं तेव्हा बहुधा कारण काही सापडत नाही आणि पुष्कळदा ऑपरेशनशिवायही सुटतं. सात वर्षांच्या मुलाच्या लहान आतड्यात झालं तर आत काहीतरी ओढणारं असतं, ते शोधावं लागेल.

ऑपरेशन पहाटे तीनला संपलं. वीतभर काळं पडलेलं आतडं कापावं लागलं होतं. त्यात सुपारीएवढा, देठावर लोंबणारा एक गोळा होता. अन्न पुढे ढकलावं तसं आतडं त्या गोळ्याला पुढे ढकलायचं, आणि गोळा जाताना मागचं आतडं आपल्याबरोबर ओढून न्यायचा. शर्टाची बाही आतल्या आत दुमडत जाते तसं. दोन वर्षं ती कळ येत-जात होती ती यामुळेच. आतडं शिरत होतं आणि आपलं आपण सुटत होतं.

यानंतरच्या चार मिनिटांसाठी हे पत्र लिहितेय.

बाहेर बाकड्यावर आम्ही चौघं होतो : दादा, वहिनी, आई आणि मी. एक निवासी डॉक्टर मुलगी बाहेर आली. पंचविशीची असेल, डोळे जागरणाने तांबारलेले. तिने वहिनीला विचारलं, ‘याच्या ओठांवर हे डाग कधीपासून आहेत?’

‘जन्मखूण आहे ती.’

‘जन्मला तेव्हा होती?’

वहिनी अडखळली. ‘नाही. दीड वर्षाचा असताना आली.’

‘बोटांवर पण आहेत, बघितलं का तुम्ही?’ मग ती दादाकडे वळली. ‘दादा, तुम्ही जरा आ करा बरं.’

दादाला वाटलं ती चेष्टा करतेय. एकेचाळीस वर्षांचा माणूस, पहाटेच्या वेळी, आ कशाला करेल? त्याच्या ओठांवर तर काहीच नव्हतं. तिने मोबाईलचा टॉर्च लावला, बोटाने गाल बाजूला केला आणि आम्हाला जवळ बोलावलं. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, तीच मोहरी सांडलेली होती.

‘लहानपणी तुमच्या ओठांवर होते का?’

उत्तर आईने दिलं. ‘होते की. मिसरूड फुटल्यावर गेले.’

‘पोटाचं ऑपरेशन झालंय?’

दादाने शर्ट वर केला. एकोणिसाव्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं होतं. ‘साधी गाठ होती, काढली’ एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

‘आणि तुमचे वडील?’

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘दोनदा. त्यांच्या आतड्याला पीळ पडायचा. कावीळ होऊन गेले ते. सत्तेचाळिसाव्या वर्षी.’

आमची तीन पिढ्यांची गोष्ट त्या मुलीने एका टॉर्चवर जोडली. तिने वापरलेलं कुठलंच यंत्र तुमच्या दवाखान्यात नाही असं नाही.

आजाराचं नाव प्युट्झ-जेघर्स सिंड्रोम. तुम्ही ते परीक्षेपुरतं वाचलेलं आहे, मला त्या रात्रीपर्यंत ऐकूनही माहीत नव्हतं. नेदरलँड्समधल्या प्युट्झ यांनी १९२१ मध्ये एका कुटुंबात ठिपके आणि आतड्यातले पॉलिप, म्हणजे असे आतून वाढणारे गोळे, एकत्र चालत आल्याचं दाखवलं, अमेरिकेतल्या जेघर्स यांनी १९४९ मध्ये ते पक्कं मांडलं. त्याच्याही आधी, १८९५ मध्ये, लंडनच्या एका डॉक्टरने बारा वर्षांच्या जुळ्या बहिणींच्या ओठांवरचे ठिपके नोंदवून ठेवले होते. पुढे त्यांतली एक विसाव्या वर्षी आतड्यात आतडं शिरून गेली. दुसरी बावन्नाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. लहानपणी आतडं अडकणार आणि मोठेपणी कर्करोग गाठणार, हा सगळा आजार त्या दोन पोरींनी सव्वाशे वर्षांपूर्वी जगून दाखवला होता.

जनुक सापडलं १९९८ मध्ये. एसटीके-११, एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं ते जनुक आहे. आई किंवा बापाकडे त्यातला दोष असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आमच्या घरी नाणं दोनदा उडालं : दादाला आलं, मला नाही. मला नाही हे तपासणीत कळलं त्या दिवसापासून दोन दिवस मी दादाला फोन केला नाही. मात्र काही मुलांमध्ये हा दोष नव्यानेच उद्भवतो, घरात कुणालाही नसताना. म्हणून घरात कुणाला नाही एवढ्यावरून मूल सुटत नाही.

आजार दुर्मीळ आहे हे मान्य. ५० हजारांत एक ते २ लाखांत एक असे अंदाज आहेत. मी शिक्षिका, त्यामुळे गणित केल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात १ कोटी १० लाख माणसं होती. म्हणजे कमीत कमी पंचावन्न, जास्तीत जास्त दोनशेवीस. आमच्या घरातली दोन त्यात धरा. उरलेली माणसं कुठे आहेत? ती तुमच्याच बाकड्यांवर बसून गेली असणार, गॅसची गोळी घेऊन.

आता कर्करोगाविषयी, कारण तो शब्द ऐकल्यापासून वहिनी आठ दिवस जेवली नव्हती. मुलांच्या बाबतीत आम्हाला जे समजावलं ते असं : लहानपणी खरा धोका आतडं अडकण्याचा आणि रक्त जाण्याचा. विसाव्या वर्षापर्यंत जवळपास निम्म्या पेशंटांच्या आतड्यात आतडं शिरतं. कर्करोग बहुतेकदा मोठेपणीचा, पण त्याला अवयवांची मर्यादा नाही. मोठं आतडं, जठर, लहान आतडं, स्वादुपिंड, बायकांमध्ये स्तन. एका जुन्या अभ्यासात पंधरा ते चौसष्ट या वयातला जठराच्या कर्करोगाचा धोका २९ टक्के आणि स्वादुपिंडाचा ३६ टक्के काढलेला आहे. दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात सत्तरीपर्यंत कुठला ना कुठला कर्करोग होण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात निघालं. हे आकडे, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगातही कावीळ होते हे ऐकून दादा म्हणाला, ‘म्हणजे बाबांची ती कावीळ.’ कुणीच काही बोललं नाही. पण समजावणाऱ्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते. असे आकडे ज्यांना जास्त त्रास झाला अशा कुटुंबांवरून निघतात, कारण अभ्यासात तीच येतात. म्हणून ते थोडे फुगलेले असू शकतात. घाबरवणारा आकडा सांगून तिथेच न थांबता तो कुठून आला हेही पेशंटला सांगणारे डॉक्टर मला क्वचित भेटलेत.

मुलाचं वेळापत्रक आता ठरलेलं आहे. युरोपातल्या बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे काही त्रास नसला तरी आठव्या वर्षी वरून-खालून दुर्बीण आणि लहान आतड्याची तपासणी करायची, पॉलिप सापडले तर दर तीन वर्षांनी पुन्हा. त्रास असेल तर आठव्या वर्षाची वाटही बघायची नाही. लहान आतड्यातला पॉलिप दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला तर अडकायच्या आधी काढायचा. आमच्या पोराने कॅप्सूल कॅमेरा गिळला, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा बांधून दिवसभर हिंडला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं की माझ्या पोटात शूटिंग झालं. तिसरीतल्या पोरांनी त्याला हिरो करून टाकलं. एकाने विचारलं, कॅमेरा परत द्यावा लागतो का? (नाही, तो कुठे जातो ते सांगितल्यावर हिरोपण आणखी वाढलं.)

त्या तपासणीत लहान आतड्यात दोन आणि जठरात तीन पॉलिप दिसले. मोठे होते ते दुर्बिणीतूनच काढले. पोट फाडावं लागलं नाही. नाव माहीत असणं आणि नसणं यात फरक काय, तर हा. पहिल्या वेळी वीतभर आतडं गेलं, दुसऱ्या वेळी एक रात्र ॲडमिट.

आता तुम्हाला ऐकवायच्या गोष्टी.

शाळेत येणाऱ्या पथकांना आधी सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात झाली ती ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला, आणि तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे हे काम आपल्या मातीतलं आहे. त्यात जन्मजात दोष, कमतरता, आजार, वाढीतले अडथळे अशा तीसेक गोष्टी बघायच्या असतात. दातांची कीडही त्यात आहे. म्हणजे तोंड उघडतंच, टॉर्च हातात असतोच. फक्त दाढ बघून झाल्यावर अंगठ्याने खालचा ओठ उलटा करा आणि गाल जरा बाजूला घ्या. दोन सेकंदांचं काम आहे. शंभर पोरांच्या रांगेत दोनशे सेकंद. रांग मी लावते, त्यामुळे मला माहीत आहे की एवढा वेळ तर प्रार्थनेच्या घंटेत जातो.

काय बघायचं तेही त्या मुलीने मला सांगितलं. एक ते पाच मिलिमीटरचे, तपकिरी-काळे किंवा निळसर, वेगवेगळे ठिपके. ओठांच्या कडेवर आणि कड ओलांडून आत, गालाच्या आतल्या अस्तरावर, कधी नाकपुड्यांभोवती, बोटांवर, तळव्यांवर. उन्हाने येणारे साधे ठिपके तोंडाच्या आत जात नाहीत. हिरड्या सरसकट सावळ्या असणं हे आपल्याकडे पुष्कळांना असतं, ते वेगळं. त्यावरून कुणाच्या आईला घाबरवू नका. आणि ओठावर एखादा सुटा तीळ असणाऱ्याला तर आपल्याकडे बोलघेवडा म्हणायची पद्धत आहे, तेवढंच राहू द्या. पण ठिपके आहेत आणि पोट दुखतं, किंवा ठिपके आहेत आणि हिमोग्लोबिन चढत नाही, किंवा ठिपके आहेत आणि बापाच्या पोटावर टाका आहे, तर मग त्या पोराला पुढे पाठवाच. वयात आल्यावर ओठांवरचे ठिपके पुसट होतात, म्हणून आई-बापाचं तोंड बघायचं तर गालाच्या आत बघायचं. दादाचे तिथेच सापडले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगणं थोडं मोठं आहे. तुमच्या केसपेपरवर नाव, वय, वजन, तक्रार असते. घरच्यांबद्दलची ओळ छापलेली असते आणि तिथे बहुधा तिरकी रेघ असते. माझ्या भाच्याच्या सहा केसपेपरांवर ती रेघ आहे, मी मोजल्या. कुणी विचारलं असतं की ‘घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालंय का, कुणी पन्नाशीच्या आत कर्करोगाने गेलंय का’, तर आईने उत्तर दिलं असतं. आमच्याकडे लपवण्यासारखं तेव्हा काही नव्हतं, कारण आम्हाला ते लपवण्यासारखं आहे हेच माहीत नव्हतं.

आणि प्रश्न फक्त ठिपक्यांचा नाही. पोटात पॉलिप करणारे आणि पिढ्यांतून चालत येणारे आणखीही आजार आहेत, त्यांना चेहऱ्यावर खूण नसते. ज्युवेनाइल पॉलिपोसिस हा एक. नावातलं ज्युवेनाइल हे मुलाच्या वयाचं नाही, पॉलिपच्या जातीचं आहे. त्यात एसमॅड-४ जनुकात दोष असला तर जठरात पॉलिपांचा जोर असतो, आणि त्यातल्या काहींना सारखा घोळणा फुटतो, कारण रक्तवाहिन्यांचाही दोष त्याबरोबर येऊ शकतो. घोळणा फुटतो म्हणून कांदा हुंगवणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. रक्तही कमी असेल आणि शीवाटे रक्तही जात असेल तर तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या जायला हव्यात. एपीसी जनुकाचा आजार त्याहून जास्त आढळतो, साधारण १० हजारांत एक. त्यात मोठ्या आतड्यात शेकड्यांनी पॉलिप येतात. वेळीच ऑपरेशन झालं नाही तर चाळिशीपर्यंत कर्करोग जवळपास ठरलेला, म्हणून अशा घरातल्या मुलांची दुर्बीण दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करतात. त्याच जनुकाच्या सुरुवातीच्या भागातल्या दोषामुळे फक्त जठराचा वरचा भाग पॉलिपांनी गालिचासारखा भरून जातो असा आणखी एक आजार आहे, तो तर २०१२ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला. त्यात मोठं आतडं जवळपास स्वच्छ असतं. खालून तपासणी नॉर्मल आली म्हणजे सगळं नॉर्मल, असं त्या घराला सांगून चालत नाही.

इथे एका गोष्टीची घाई करू नका अशीही विनंती. लहान मुलाला न दुखता लाल रक्त पडलं आणि एकच पॉलिप सापडला तर तो बहुतेकदा एकटाच असतो, काढला की विषय संपतो. मोठ्या आतड्यात पाच किंवा अधिक असले, किंवा घरात आणखी कुणाला असले, तर पुढचा विचार. प्रत्येक आईला जनुकाचं नाव ऐकवून रात्री जागवायची गरज नाही.

कागदांचं जरा सविस्तर लिहिते, कारण माझा खरा राग तिथे आहे. भाच्याच्या आजाराचं नाव कळल्यावर आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. त्यात लग्नाच्या पत्रिका, रेशनकार्डाची जुनी पानं, आणि एका दुधाच्या पिशवीत बाबांचं १९८७ चं डिस्चार्ज कार्ड. निळ्या शाईत, फिकट झालेलं. ‘लहान आतड्यात पॉलिप. नमुना तपासणीस पाठविला.’ बस्स. तो नमुना तपासला असेलच. या पॉलिपच्या पातळ कापात स्नायूंचे धागे झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले दिसतात, जाणकाराला ते ओळखू येतं. कुणीतरी ते झाड पाहिलं असेल, कागदावर लिहिलंही असेल. तो कागद आमच्यापर्यंत आलाच नाही. बाबा गिरणीत पाळीवर जाणारे, तेही कागद मागायला गेले नसतील. दादाच्या वेळी, २००० साली, तेच. कुठलं रुग्णालय ते लिहीत नाही. तिथले तेव्हाचे लोक आता असतीलच कुठे. पण १९८७ मध्ये तो रिपोर्ट आईच्या हातात देऊन ‘हा सांभाळून ठेवा, मुलांना दाखवायचा आहे’ असं कुणी म्हटलं असतं, तर आईने तो लग्नाच्या पत्रिकांसारखाच जपला असता. पस्तीस वर्षं जपला असता. म्हणून सांगते, बायोप्सीचा रिपोर्ट पेशंटच्या हातात द्या आणि तो कशासाठी ठेवायचा ते मराठीत सांगा.

आपल्याकडे जनुक तपासणीचं दार बंद आहे असंही नाही. टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र खारघरला सेक्टर २२ मध्ये आहे, ठाण्याहून पनवेल लोकल पकडली तर गाडीही बदलावी लागत नाही. पण तिथवर जायला कुणीतरी चिठ्ठी द्यावी लागते, आणि ती चिठ्ठी तुमच्या टेबलावरून निघते. जनुकाची तपासणी आधी ज्याला आजार आहे त्याची करायची. घरातला दोष नेमका कुठला ते एकदा सापडलं की बाकीच्यांची तेवढीच एक जागा बघायची असते. आमच्याकडे आधी भलतीकडूनच सुरुवात झाली, माझ्यापासून, कारण मला वेळ होता. पैसे गेले, उत्तर काही मिळालं नाही. दादाची झाल्यावर माझी पुन्हा करावी लागली.

विम्याची भीती सगळेच दाखवतात. तपासणी केली की पॉलिसी मिळणार नाही, असं दादाच्या ऑफिसातल्या तिघांनी सांगितलं. आनुवंशिक आजार सरसकट वगळणारी अट आरोग्यविम्यात घालायला विमा नियामकाने २०१९ मध्ये मनाई केली आहे, एवढं पेशंटला सांगितलंत तरी पुष्कळ होईल.

राहता राहिले नातेवाईक. बाबांचे दोन भाऊ, त्यांची मुलं, मुलांची मुलं. नवी मुंबईत आणि गावाकडे मिळून चौदा जण निघाले. मी फोन करायला बसले. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘हे बाहेर बोलू नकोस, धाकटीचं बघायचं चाललंय.’ एका चुलतभावाने मला देवदेव करायला सांगितलं. दुसऱ्याने नंबरच बंद केला. त्यांचं मला फारसं वाईट वाटलं नाही. सोयरिकीच्या बाजारात ‘घरात पोटाचा रोग आहे’ हे वाक्य काय करतं ते मीही जाणते. पण माझ्या तोंडून ती बातमी एका खवचट बहिणीची अफवा वाटते. तुमच्या लेटरहेडवर, आजाराचं नाव, कुणी तपासून घ्यायचं, कितव्या वर्षी, कुठे, एवढं पानभर लिहून पेशंटच्या हातात दिलं की तेच कागदपत्र होतं. कुणाचं नाव नको, निदान नको, फक्त ‘या कुटुंबातल्या रक्ताच्या नातेवाईकांनी’ एवढं. आम्हाला एका डॉक्टरांनी असं पत्र लिहून दिलं. मी त्याच्या चौदा झेरॉक्स काढल्या आणि गणपतीला गेले तेव्हा प्रसादाबरोबर वाटल्या. काकांनी ती घडी करून खिशात ठेवली. वाचली की नाही, विचारलं नाही.

परवा ऐरोलीहून चुलतबहिणीचा फोन आला. तीच धाकटी, तिचं लग्न कधीच झालं. हळू आवाजात म्हणाली, ‘ताई, ओठाच्या आत म्हणजे नक्की कुठे बघायचं?’ मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिने मुलीला मांडीवर घेतलं, पोरगी सव्वादोन वर्षांची, हलत होती, रडत होती, एकदा फोनच चावला. मग क्षणभर ओठ उलटा धरला गेला. चित्र अस्पष्ट होतं, मी डॉक्टर नाही, आणि मला जे दिसलं असं वाटतंय ते कदाचित बाळाने खाल्लेलं काहीतरी असेल. जांभळं म्हणा.

येत्या आठवड्यात ती पोरीला घेऊन तुमच्यातल्या कुणाकडे तरी येईल. पोरीला ताप नाही, पोटही दुखत नाही. हातात पानभर झेरॉक्स असेल. केसपेपरवरच्या त्या ओळीत कृपया रेघ मारू नका.

आपली,
एक आत्या, पालिकेच्या शाळेतली शिक्षिका
कळवा, ठाणे